साठ हजार रुपये, पाचशेचा स्टॅम्प आणि मोडलेली टाच

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

माझा थोरला भाऊ प्लास्टरचं काम करतो, वय 34. 22 सप्टेंबर 2025 रोजी पुण्यात एका साइटवर बाहेरच्या प्लास्टरला असताना दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून, म्हणजे कामासाठी बांधलेल्या पाईप-फळ्यांच्या मचाणावरून, पडला. फळी उलटली. उजव्या टाचेचं हाड चुरलं, प्लेट टाकली, कमरेचा एक मणका दबला. दवाखान्याचं 1,85,000 रुपयांचं बिल ठेकेदाराने भरलं. पाच महिने झाले, भाऊ अजून काठी घेऊन चालतो. आता मुकादम म्हणतो, साठ हजार घ्या आणि पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून द्या की यापुढे आमची काही मागणी नाही. बेल्ट घातला नव्हता म्हणून चूक भावाचीच, असंही म्हणतो. दवाखान्याच्या कागदावर ‘राहत्या खोलीच्या जिन्यावरून पडला’ असं लिहिलंय. तेही मुकादमानेच सांगितलं होतं. हजेरी त्याच्या वहीत, रोज 750 रुपये. मुकादम आमच्याच गावचा, लांबचा सोयराही लागतो. येत्या रविवारी तो कागद घेऊन येणार आहे. मी अजून त्याच साइटवर जातो, तशाच परांचीवर चढतो. काय करावं?
– एक गवंडी, लोहा तालुका, जि. नांदेड (सध्या पुणे)

भाऊ,

रविवारी सही करू नका. भावालाही करू देऊ नका, अंगठाही नाही. घरात पैशाची ओढ आहे हे तुमच्या पत्रातून कळतंच, त्यामुळे नुसतं ‘सही करू नका’ म्हणून चालणार नाही. पैसे घ्यायचे असतील तर कसे घ्यायचे, तेही सांगतो.

अपघात 21 नोव्हेंबर 2025 च्या आधीचा आहे. त्या दिवसापासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. भावाचा हक्क मात्र अपघाताच्या दिवशीच तयार झाला, म्हणून त्याला 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागतो. या कायद्यात दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. ‘मी भरपाईचा हक्क सोडतो’ असं कामगाराने कितीही मोठ्या स्टॅम्पवर लिहून दिलं तरी ते कायद्यापुढे रद्दबातल असतं. आणि एकरकमी तडजोड करायचीच असेल तर तिचा मसुदा भरपाई आयुक्तांकडे पाठवून नोंदवून घ्यावा लागतो. रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंद नाकारू शकतात. मालकाने मसुदा पाठवलाच नाही तर पूर्ण भरपाई त्याच्या डोक्यावर राहते. शिवाय आधी भरपाई म्हणून दिलेल्या पैशातले, आयुक्तांनी वेगळं सांगितलं नाही तर, निम्म्याहून जास्त त्याला वळते करून घेता येत नाहीत.

मग कागद रद्दच असेल तर सही केली म्हणून काय बिघडलं, असं वाटेल. बिघडतं ते असं: त्या कागदात ‘खोलीच्या जिन्यावरून पडलो’, ‘मी ठेकेदाराचा कामगार नव्हतो’, ‘माणुसकीच्या नात्याने मदत मिळाली’ अशी वाक्यं घातलेली असतात. हक्क सोडल्याचं वाक्य टिकत नाही, पण ही कबुलीची वाक्यं पुढे वर्षभर कोर्टात पुसत बसावी लागतात.

साठ हजारांची खरंच गरज असेल तर ते घ्या, पण भावाच्या खात्यावर, यूपीआयने किंवा चेकने. पावती स्वतः लिहून तयार ठेवा, साध्या कागदावर, एवढ्याच शब्दांत: ‘दिनांक 22 सप्टेंबर 2025 रोजी अमुक साइटवर काम करताना झालेल्या अपघाताच्या भरपाईपोटी अंशतः रक्कम रुपये 60,000 मिळाली. उरलेल्या भरपाईचा हक्क राखून ठेवला आहे.’ या पावतीवर पैसे द्यायला मुकादम तयार झाला नाही, तर ते पैसे कशासाठी होते हे तुम्हाला कळेल.

आता साठ हजार किती कमी आहेत ते बघू. गणित अवघड नाही.

750 रुपये रोज आणि महिन्याला 26 दिवस धरले तर 19,500 होतात. पण 3 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेप्रमाणे या कायद्यात महिन्याची मजुरी जास्तीत जास्त 15,000 धरतात, म्हणून 15,000 धरा. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तिचे 60 टक्के, म्हणजे 9,000, गुणिले वयाचा आकडा. हे आकडे कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत. 34 वर्षांना 199.40. गुणाकार येतो 17,94,600 रुपये. अपंगत्व अंशतः असेल तर कमाईची ताकद जितके टक्के गेली, तितके टक्के या रकमेचे. 40 टक्के धरले तर 7,17,840. अपघातापासून महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर वर्षाला 12 टक्के सरळ व्याज. 7,17,840 वर ते वर्षाला 86 हजारांच्या वर जातं. विनाकारण टाळाटाळ केली असेल तर आयुक्त भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंडही लावू शकतात.

भाऊ घरी बसून आहे त्या काळाचे पैसे वेगळे. दर पंधरवड्याला मजुरीच्या 25 टक्के, म्हणजे 3,750 रुपये, महिन्याचे 7,500. पाच महिन्यांचे 37,500 तर आत्ताच देणं झालेलं आहे. (नंतर एकरकमी भरपाई ठरते तेव्हा ही रक्कम तिच्यातून वळती होते, हे लक्षात असू द्या.) दवाखान्याचं बिल मात्र वळतं होत नाही. उपचाराचा खरा खर्च देणं ही मालकाची वेगळी जबाबदारी आहे. ‘पावणेदोन लाखांच्या वर तर आधीच घातलेत’ असं ठेकेदार म्हणेल. ते 1,85,000 भरपाईत धरता येत नाहीत. पुढचं ऑपरेशन, प्लेट काढणं, फिजिओथेरपी, गाडीभाडं, औषधं, सगळ्याच्या पावत्या एका पिशवीत ठेवा. औषधाच्या दुकानाची पावती उष्णतेने पुसट होते, म्हणून आजच झेरॉक्स काढा.

मात्र एक आधी तपासा. भावाच्या मजुरीतून 0.75 टक्के ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेची, कपात होत होती का? त्याच्याकडे ईएसआयचा विमा क्रमांक असेल तर रस्ता बदलतो. भरपाई मालकाकडून न मिळता ईएसआय महामंडळाकडून मिळते: बरा होईपर्यंत मजुरीच्या साधारण 90 टक्के, आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर दरमहा लाभ. दोन्हीकडून घेता येत नाही. तुमच्या पत्रावरून कपात होत नसावी असं दिसतं, पण विचारून खात्री करा.

आता दवाखान्याचा कागद. आम्हाला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटली. ‘खोलीच्या जिन्यावरून पडला’ हे वाक्य पोलिसांची नोंद टाळण्यासाठी लिहून घेतलेलं असतं, आणि पुढे विमा कंपनीचा वकील सर्वांत आधी तेच वाचून दाखवतो. जुन्या नोंदीवर खाडाखोड करून घेण्याच्या मागे लागू नका. दवाखाना ती करणार नाही आणि करूही नये. त्याऐवजी भावाने स्वतःच्या सहीने वैद्यकीय अधीक्षकांना अर्ज द्यावा: दाखल करताना मी वेदनेत होतो, माहिती बरोबरच्या माणसाने दिली, ती चुकीची आहे, मी अमुक साइटवर परांचीवरून पडलो, हा अर्ज माझ्या कागदांना जोडावा. एका प्रतीवर आवक शिक्का घ्या. त्याच वेळी संपूर्ण केस पेपर, ऑपरेशनची नोंद आणि एक्स-रे, सीटी स्कॅनच्या प्रती लेखी मागा. मागितल्यापासून 72 तासांत द्याव्यात असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे. अॅम्ब्युलन्सने नेलं असेल तर कुठून उचललं याची नोंद असते, तीही मागा. 108 ला फोन तुमच्यापैकी कोणी केला असेल तर त्या मोबाइलची कॉल यादी जपा.

आणि हाडं काय सांगतात तेही बघा. टाचेचं हाड चुरणं आणि कमरेचा मणका दबणं हे एकत्र दिसलं की हाडाच्या डॉक्टरांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो किती उंचीवरून पडला, हा. माणूस उंचावरून पायांवर आदळतो, सगळा भार टाचेवर येतो, टाच फुटते, आणि तोच धक्का पायातून वर जाऊन कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास बसतो. जिन्यावरून घसरणाऱ्याचा बहुतेक वेळा घोटा, मनगट किंवा माकडहाड दुखावतं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विनंती करा की ‘ही दुखापत उंचीवरून पायांवर पडल्याशी जुळते’ एवढं वाक्य त्यांनी त्यांच्या मताप्रमाणे लेखी द्यावं. चुकीच्या केस पेपरला याहून सरळ उत्तर नाही.

त्याच भेटीत दुसरी गोष्टही मागा. तुमच्या भावाची दुखापत कायद्याच्या टक्केवारीच्या यादीत बसत नाही. त्या यादीत अंगठा गेला तर 30 टक्के, चार बोटं गेली तर 50 टक्के असे अवयव गेल्याचे आकडे आहेत. यादीबाहेरच्या दुखापतीत कमाईची ताकद किती गेली हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं. सिव्हिल हॉस्पिटलचा अपंगत्वाचा दाखला काढा, तो इतर योजनांना लागतो. पण त्यावरचे टक्के शरीराचे असतात, कमाईचे नव्हेत. पायाला 20 टक्के अपंगत्व असलेला माणूस टेबलावर बसून हिशेब लिहू शकतो, प्लास्टर करू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात हेच धरलं. डावा हात कोपराच्या वर गेलेला सुतार होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून कमाईची ताकद 100 टक्के गेली असं मानलं.

म्हणून डॉक्टरांना ‘टक्के वाढवून द्या’ म्हणू नका. कामाचं वर्णन द्या आणि प्रश्न विचारा. शिडी चढता येईल का? खडबडीत जमिनीवर, विटांच्या तुकड्यांवरून चालता येईल का? उकिडवं बसता येईल का? मालाचं 20–25 किलोचं घमेलं घेऊन उभं राहता येईल का? सलग दोन तास? टाच चुरली की तिच्या वरचा सांधा आखडतो. पाऊल वर-खाली होतं, पण आत-बाहेर कलत नाही. सपाट फरशीवर माणूस बरा चालतो, परांचीवर आणि मुरुमावर मात्र पाय ठरत नाही. दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर चालवून बघितलं तर हे दिसणारच नाही, म्हणून तोंडाने सांगा. हा अंतिम दाखला हाड जुळून, व्यायाम होऊन पाय जिथवर सुधारायचा तिथवर सुधारला की घ्यायचा. पाच महिने म्हणजे थोडं लवकर आहे. दावा लावायला मात्र त्यासाठी थांबू नका.

तो त्या साइटचा कामगार होता हे कसं दाखवायचं? नेमणूकपत्र कुणाकडेच नसतं. मुकादमाची वही तुमच्या हाती येणार नाही, पण आठवड्याची खर्ची त्याने फोनपे किंवा गुगल पेवर टाकली असेल तर त्या नोंदी बँकेच्या विवरणात आहेत. ‘उद्या दोन गवंडी जास्त आण’ असे व्हॉट्सअॅपवरचे आवाज असतात, ते दुसऱ्या फोनवर आणि ई-मेलवर ठेवा. गेटवरचं नाव-नोंदीचं रजिस्टर, साइटचा पास, सुरक्षेच्या माहितीनंतर घेतलेली सही, हेल्मेट घालून काढलेले फोटो, सगळं धरा. तुम्ही स्वतः साक्षीदार आहात. त्या दिवशी त्याच मजल्यावर असलेल्या आणखी दोघांची नावं, गावं, फोन लिहून ठेवा. माणसं पांगतात. उद्या कोणी हैदराबादला, कोणी सुरतेला गेलेला असेल. मजुरीचा पुरावा अगदीच नसेल तर बांधकामासाठीच्या सरकारी किमान वेतनाचा आधार घेता येतो.

आणखी एक काम उद्याच्या उद्या. साइटच्या गेटवर जो फलक असतो, बिल्डरचं नाव, महारेराचा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) क्रमांक, आर्किटेक्ट, ठेकेदार, त्याचा स्वच्छ फोटो काढा. महारेराच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाने बिल्डरचा नोंदणीकृत पत्ता मिळतो. तो लागणार आहे.

कारण दावा एकट्या मुकादमावर लावायचा नाही. कायद्याच्या कलम 12 प्रमाणे, आपला धंदा असलेलं काम ठेकेदाराकडून करून घेणारा मूळ मालकही भरपाईला जबाबदार असतो. त्याने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. मुकादम गावचा आहे, उद्या लग्नकार्यात समोर येणार आहे, हे आम्हाला समजतं. त्याला बसून सांगा की दाव्यात त्याचं नाव असलं तरी पैसे बिल्डरकडून आणि ठेकेदाराच्या विमा कंपनीकडून यावेत हीच आमची इच्छा आहे. मोठ्या साइटवर कामगार भरपाईची पॉलिसी बहुधा काढलेली असते. पॉलिसीचा क्रमांक त्याने काढून दिला तर त्याचाही भार हलका होईल. पुष्कळ मुकादम भीतीपोटी स्वतःच्या खिशातले साठ हजार पुढे करतात आणि ज्याने द्यायला हवेत तो बाजूला राहतो.

आधी नोटीस द्या. वकिलाचीच हवी असं नाही. भावाचं नाव-पत्ता, अपघाताची तारीख, वेळ, जागा, कसा झाला, काय दुखापत झाली, मजुरी किती, आणि ‘कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याप्रमाणे भरपाई व उपचाराचा खर्च द्यावा, आपल्या विमा पॉलिसीचा तपशील कळवावा’ एवढं पुरे. मुकादम, ठेकेदार, बिल्डर तिघांना स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. रजिस्टर पोस्ट 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टातच मिसळलं आहे, त्यामुळे खिडकीवर गोंधळ झाला तर ‘स्पीड पोस्ट, पोचपावतीसह’ असंच सांगा.

दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे सप्टेंबर 2027. तोवर थांबण्याचं काहीच कारण नाही. आणि त्यासाठी पुण्याला खेटे घालायची गरज नाही: अपघात जिथे झाला तिथे, किंवा कामगार जिथे राहतो त्या भागातही दावा लावता येतो. भाऊ आता गावी असेल तर नांदेडला लावा. भरपाई आयुक्तांचं काम काही ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीश बघतात, काही ठिकाणी दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे नेमकं कळेल. वकीलही तिथूनच विनामूल्य मागा. अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, स्त्रिया, औद्योगिक कामगार यांना तो हक्क आहे, फोन 15100. ‘मिळेल त्यातले तीस टक्के माझे’ म्हणणारा वकील भेटला तर नमस्कार करून बाहेर या, निकालावर फी ठरवायला वकिलांच्या नियमांत मनाई आहे.

पोलिसांकडेही तक्रार द्या. उशीर झाला असला तरी द्या, आणि उशीर का झाला ते लिहा: भाऊ अंथरुणावर होता, ठेकेदार खर्च करत होता. भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने जीव धोक्यात घालून गंभीर दुखापत करणं (कलम 125) आणि बांधकामात योग्य काळजी न घेणं (कलम 290) हे गुन्हे आहेत. भरपाई मिळण्यासाठी गुन्हा दाखल असावाच लागतो असं नाही. मात्र पोलिसांपुढचा जबाब हा ‘जिन्यावरून पडला’ याला आणखी एक लेखी उत्तर होतो.

बेल्टचं सांगतो. अपघात होण्यात कामगाराचाही थोडा निष्काळजीपणा होता, एवढ्याने या कायद्यात भरपाई बुडत नाही. दिलेलं सुरक्षा साधन त्याने जाणूनबुजून, मुद्दाम टाळलं हे मालकाला सिद्ध करावं लागतं. आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तोही बचाव चालत नाही. तेव्हा भावाने खोटं बोलू नये. बेल्ट नव्हता घातला तर नव्हता म्हणावं. प्रश्न उलटा विचारावा: हुक अडकवायला काय होतं? वरून सोडलेला दोर होता? भिंतीत कडी होती? बेल्ट गोदामात होता की गवंड्याच्या हातात? कमरेचा पट्टा होता की खांद्या-मांड्यांचा? त्या मजल्याचे अपघाताआधीचे फोटो कुणाच्या फोनमध्ये असतील तर त्यात दोर दिसतो का, बघा.

भावाची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का, तेही बघा. कायमचं 75 टक्के किंवा जास्त अपंगत्व आलं तर मंडळ 2 लाख देतं, कामावर मृत्यू झाला तर वारसांना 5 लाख. हे भरपाईखेरीज असतं, पण नोंदणी चालू असावी लागते, आणि ती दरवर्षी नव्याने करावी लागते. तुमची स्वतःची नसेल तर वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला घेऊन या आठवड्यात करा. पुढच्या ऑपरेशनला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतला दवाखाना चालतो का, तेही विचारून ठेवा.

आता तुमचं. पत्राच्या शेवटी तुम्ही एका ओळीत लिहिलंय की तशाच परांचीवर चढता. आम्ही ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

भावाची फळी उलटली म्हणजे नेमकं काय झालं असेल? फळी दोन आडव्या पाईपांवर टेकलेली असते आणि तिचं टोक शेवटच्या पाईपाच्या पुढे थोडं बाहेर येतं. ते किमान 5 सेंटीमीटर असावं, नाहीतर फळी सरकून पाईपावरून सुटते. पण फळीच्या जाडीच्या चौपटीपेक्षा जास्त नसावं. दीड इंची, म्हणजे 38 मिलिमीटरच्या फळीला साधारण 15 सेंटीमीटर, वीतभरही नाही. दुसरी टोळी येते, तिला खिडकीच्या कडेपर्यंत हात पोचवायचा असतो, ती फळी दीड हात पुढे ओढते आणि काम झाल्यावर तशीच सोडते. वरून बघणाऱ्याला ती सलग दिसते. घमेलं घेऊन माणूस त्या टोकावर पाय देतो, मागचं टोक उचलतं, आणि तो फळीसकट खाली जातो. वाईट म्हणजे पडल्यावर फळी कुठे होती याचा पुरावाही उरत नाही.

त्यामुळे चढल्यावर पहिल्यांदा टोकं बघा. प्रत्येक फळी दोन्ही टोकांना तारेने किंवा क्लॅम्पने बांधलेली हवी; नुसती ठेवलेली नको. आधारातलं अंतर 38 मिलिमीटर फळीला चार फुटांपेक्षा जास्त नको. रंग फासलेली फळी वापरू नका, रंगाखाली तडा दिसत नाही. गाठ फळीच्या कडेला आली असेल तर ती तिथेच मोडते. उभं राहायला निदान तीन फळ्या शेजारी-शेजारी हव्यात, आणि भिंत व फळी यांतली फट फूटभरापेक्षा जास्त नको. पाठीमागे साधारण मीटरभर उंचीवर आडवा पाईप, त्याच्या निम्म्यावर दुसरा, आणि पायाशी वीतभर उंच पट्टी. ही पट्टी तुमच्यापेक्षा खालच्या बिगाऱ्याला वाचवते. थापी आणि विटेचा तुकडा तिच्यामुळे खाली जात नाही.

मग खाली उतरून बूड बघा. पाईप जेमतेम 48 मिलिमीटर जाडीचा असतो. तो पायाभरणीनंतर टाकलेल्या भरावात सरळ उभा केला तर पाऊस पडून गेल्यावर खिळ्यासारखा आत जातो, आणि एक पाय दोन इंच खचला की वरचा सगळा भार शेजारच्या पायावर येतो. खाली 15 सेंटीमीटर चौरस लोखंडी प्लेट आणि तिच्याखाली जाड फळी हवी. विटांच्या चळतीवर टेकवलेला पाय दिसला तर त्या परांचीवर चढू नका. वीट कडेला दाब आला की फुटते, आणि सांगून फुटत नाही.

तिसरं, परांची इमारतीशी बांधलेली आहे का. उभ्यात साधारण दर 4 मीटरला आणि आडव्यात दर 6 मीटरला ती कॉलमला किंवा खिडकीत आडवा पाईप घालून घट्ट धरलेली असावी. प्लास्टरच्या टप्प्यावर हेच सर्वांत जास्त बिघडतं, कारण तो पाईप थापीच्या आड येतो, गवंडी तो काढतो, ‘संध्याकाळी लावू’ म्हणतो आणि राहून जातं. असे तीन-चार टाय, म्हणजे इमारतीशी धरणारे पाईप, निघाले की परांची फक्त स्वतःच्या पायांवर उभी असते. तिरपे आधार काढले असतील तर तेही नाही. काढायचाच असेल तर आधी शेजारी दुसरा लावा, मग पहिला काढा. बांबूची परांची असेल तर पावसाळ्यानंतर ऊन पडलं की बांध ढिले होतात. हाताने गदागदा हलवून बघा.

बेल्ट खांद्या-मांड्यांचाच हवा. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर लोंबकळलेल्या माणसाचा मणका आणि पोट दोन्ही जातात. हुक डोक्याच्या वर अडकवायचा. कारण मोजून बघा: दोरी 1.8 मीटर, झटका शोषणारा भाग उघडून आणखी पावणेदोन मीटर, त्याखाली तुमचं दीड मीटर शरीर, आणि वर मीटरभर शिल्लक. हुक पायाशी अडकवला असेल तर फळीखाली 6 मीटर मोकळी जागा लागते. दुसऱ्या मजल्यावर ती असतेच असं नाही. तिथे पायाशी बांधलेला बेल्ट घालूनही माणूस जमिनीवर आदळू शकतो. हुक परांचीच्या पाईपाला न लावता इमारतीला पक्क्या धरलेल्या दोराला लावा, आणि सरकताना एक हुक सोडण्याआधी दुसरा अडकलेला असावा म्हणून दोन दोऱ्यांचा बेल्ट मागा.

एकट्याने ‘मी चढत नाही’ म्हणालात तर उद्या हाजरी बंद होईल, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून टोळीने मिळून बोला, आणि काम अडवण्याच्या सुरात नको: ‘साहेब, तिसऱ्या मजल्याचे टाय निघालेत, चार क्लॅम्प आणि दोर द्या, अर्ध्या तासात लावून कामाला लागतो.’ हे साइट इंजिनिअरला फोटोसकट व्हॉट्सअॅपवर टाका. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही, पाठवलेल्या फोटोवर तारीख आणि वेळ राहते. तरीही काही झालं नाही तर सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात लेखी तक्रार द्या.

आणि कोणी पडलाच, तर त्याला हाता-पायाला धरून उचलू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. डोकं, मान आणि पाठ एका रेषेत धरा, 108 ला फोन करा, हलवावंच लागलं तर चौघांनी मिळून प्लायच्या फळीवर सरकवून घ्या. दवाखान्यात टाचेचा एक्स-रे काढला तर कमरेचाही काढायला सांगा. बरोबर टोळीतला माणूस जाऊ द्या, आणि कसं पडला हे विचारलं की त्याने साइटचं नाव आणि परांची हे दोन शब्द लिहून घेतले जातायत ना, ते स्वतः वाचून बघावं.